किती आणि कशाला

"अरे, तुझा शर्ट हलतोय," ताई म्हणाली.

मी हलत नव्हतो. बंगळुरूला लेकीकडे राहायला आल्यापासून मी फारसा हलतच नाही. इथे बाहेर पडायचं म्हणजे आधी मोबाइलवर मिनिटं बघावी लागतात, आणि ती बघितली की माणूस पुन्हा खुर्चीत बसतो. शर्टाची तर इस्त्रीही मोडलेली नव्हती. तरी कोथरूडच्या फ्लॅटमधून माझी थोरली बहीण टॅबलेटच्या काचेला नाक लावून सांगत होती, की तुझ्या पोटावरून काहीतरी सरपटतंय. मघाशी जांभळं होतं, आता हिरवट झालंय. तू श्वास सोडलास की खाली उतरतं.

"डॉक्टरांना दाखव बाई एकदा."

"शर्ट?"

"दोन्ही."

शर्ट लक्ष्मी रोडवर घेतलेला. पांढऱ्यावर निळ्या बारीक उभ्या पट्ट्या. दुकानातच आमची ही म्हणाली होती, "नको, डोळ्यांना त्रास होतो." डोळ्यांना त्रास होतो म्हणून शर्ट नाकारणं मला पटलं नाही. शर्ट मी घालणार आणि बघणार ती, तेव्हा त्रास माझ्या डोळ्यांना होण्याचा प्रश्नच नव्हता.

लेक इथे मोबाइलच्या कॅमेऱ्यांचं काहीतरी काम करते. काय करते हे मी गेली सात वर्षं विचारतोय आणि ती गेली सात वर्षं सांगतेय. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाची स्पेशियल फ्रीक्वेन्सी जास्त आहे. कॅमेऱ्याला झेपत नाही."

रक्तदाब जास्त आहे, साखर जास्त आहे, इथपर्यंत मी ऐकून घेतलेलं होतं. हे नवीन निघालं.

मराठीत याला अवकाशीय वारंवारता म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण ज्या गावात इस्रोचं मुख्यालय आहे आणि ज्या घरात जावई उपग्रहाच्या चित्रांवर काम करतो, तिथे तो जपून वापरावा. मी विचारलं, "म्हणजे रॉकेटं किती वारंवार सुटतात ते का?"

जावई बेळगावचा. "नाही की ओ, बाबा. अवकाश म्हणजे इथं जागा. एवढ्या जागेत पट्ट्या किती, एवढंच."

"केवढ्या जागेत?"

आणि इथे घरात शांतता पसरली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लेक म्हणाली, "पिक्सेलला." जावई म्हणाला, "मीटरला." दोघंही एकाच वेळी म्हणाले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर समोरच्याने माहेरचा, किंवा सासरचा, विषय काढल्यासारखे भाव उमटले.

मंडईत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. "मेथी कशी दिली?" "वीस." "वीस कशाला?" जुडीला वीस आणि किलोला वीस यांत संसाराचा फरक आहे. कोथिंबीर जुडीला, केळी डझनाला, आंबे पेटीला, दूध लिटरला, आणि मंगल कार्यालयात जेवण ताटाला. आकडा ऐकून भुलायचं नाही, आधी "कशाला?" हे विचारायचं, हे मला आईने वयाच्या आठव्या वर्षी पिशवी हातात देतानाच शिकवलं होतं. चित्रांच्या शास्त्रातले मोठमोठे लोक नेमके इथेच भांडतात, हे मात्र बंगळुरूला येऊन कळलं.

काळाच्या वारंवारतेचं बरं आहे. सेकंदाला किती, हे एकदा ठरलं, त्याला हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव दिलं, १९६० साली जगाने त्यावर शिक्का मारला आणि विषय संपला. रेडिओवालाही हर्ट्झ म्हणतो आणि विजेच्या कंपनीतला वायरमनही. जागेच्या वारंवारतेला असा कोणी धनी मिळाला नाही. त्यामुळे ती अजून याच्या-त्याच्या दारात उभी आहे. पिक्सेलला, मिलिमीटरला, इंचाला, मीटरला, अंशाला, अख्ख्या चित्राला. ज्याच्या घरी जेवायला घातलं, त्याचं आडनाव.

मी शर्ट काढून टेबलावर पसरला आणि हिची शिवणाची टेप आणली. एका सेंटिमीटरमध्ये निळी-पांढरी अशा चार जोड्या भरल्या. समोरून छाती ४५ सेंटिमीटर. (पोट धरलेलं नाही. तो वेगळा विषय.) म्हणजे समोर एकूण १८० जोड्या. आता हिशोब सुरू झाला. जावई म्हणाला, "मीटरला चारशे." लेकीने ताईच्या टॅबलेटवर दिसलेलं चित्र मागवून घेतलं. त्यात माझी छाती २०० पिक्सेल रुंद होती. "पिक्सेलला ०.९," ती म्हणाली. मग तिला आणखी मजा सुचली. फोनचा सेन्सर सहा मिलिमीटर रुंद धरला आणि चित्र ६४० पिक्सेलचं, तर सेन्सरवर माझी छाती किती? १.९ मिलिमीटर. त्यात १८० जोड्या, म्हणजे लेन्सवाल्यांच्या भाषेत मिलिमीटरला ९६. एकच शर्ट, एकच इस्त्री, आणि ४००, ०.९, ९६ हे तीन आकडे. शिवाय छाती दोन मिलिमीटरांच्या आत आली ते निराळंच.

"पण तो हलत का होता?" हिने मुद्द्याला हात घातला.

याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. कॅमेरा पिक्सेलला अर्ध्या जोडीपर्यंतच खरं सांगू शकतो. त्यापुढे गेलं की तो "मला जमत नाही" असं म्हणत नाही. तो खोटं सांगतो, तेही आत्मविश्वासाने. ०.९ ला तो एकमधून वजा करतो आणि ०.१ असल्याचं दाखवतो. म्हणजे १८० बारीक पट्ट्यांच्या जागी ताईला वीसच जाड पट्टे दिसले. मी श्वास घेतला, छाती दहा पिक्सेल रुंद झाली, की वीसचे तीस झाले. श्वास सोडला की पुन्हा वीस. शर्टावर जे सरपटत होतं ते माझं श्वसन होतं. जुन्या सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, तोच प्रकार. फक्त तिथे तो सेकंदांत होतो आणि इथे सेंटिमीटरमध्ये. इंग्रजीत याला एलियासिंग म्हणतात, म्हणजे टोपणनावाने वावरणं. आमच्या पेठेत अशी माणसं पुष्कळ होती. पतपेढीत त्यांचं खातं एका नावाने असे आणि कर्ज दुसऱ्या.

अर्धीच का, हे मात्र मला गल्लीच्या टोकावरच्या दर्शिनीत उभं राहून कळलं. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायची जागा. तिथे बंगळुरूचं स्वतःचं असं एक एकक आहे : बाय-टू. एक कॉफी मागवायची, ती दोन पेल्यांत येते, दोघांनी प्यायची. मुंबईचं कटिंग हे एकट्याचं असतं, त्यात एक एकाकीपणा आहे. बाय-टू हा करार आहे. लेक म्हणाली, "बाबा, एका जोडीत एक निळी पट्टी, एक पांढरी. निळीला कमीत कमी एक पिक्सेल हवा, पांढरीला कमीत कमी एक. म्हणजे एक जोडी दोन पिक्सेलांत. एकेकाच्या वाट्याला किती?"

"बाय-टू!" मी ओरडलो.

काउंटरवरच्या मुलाने ते आत पुकारलं आणि आमच्यापुढे तिसरी कॉफी आली.

हॅरी नायक्विस्ट नावाच्या, स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थांनी १९२८ साली तारायंत्राच्या तारांचा विचार करताना याची मांडणी केली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली ती गणितात पक्की बसवली. पण सर्वांत सुंदर बारकावा कॉफीच्या पेल्यातच दिसतो. पट्टी नेमकी अर्ध्यावर असेल आणि पिक्सेलच्या रेघांशी जुळून बसली, तर एका पिक्सेलात नुसतं डिकॉक्शन, शेजारच्यात नुसतं दूध, पट्टी स्वच्छ दिसते. पण तीच पट्टी अर्धा पिक्सेल सरकली, की प्रत्येकात निम्मं डिकॉक्शन आणि निम्मं दूध. दोन्ही पेले सारखेच तांबूस. पट्टी गायब. म्हणून शहाणा माणूस मर्यादेच्या बराच अलीकडे थांबतो. लेकीच्या ऑफिसात शहाणी माणसं भरपूर आहेत, त्यामुळे तिथे निराळाच घोळ होतो. याच मर्यादेला एक जण ०.५ म्हणतो, कारण तो फेरे, म्हणजे आपल्या जोड्याच, मोजतो. गणितातून आलेला दुसरा ३.१४ म्हणतो, कारण तो रेडियन मोजतो. तिसऱ्याचं सॉफ्टवेअर तिलाच १ समजून पुढे चालतं. चौथा ५१२ पिक्सेलचं चित्र उघडून बसलेला असतो, तो २५६ म्हणतो, कारण तो अख्ख्या चित्राला मोजतो. चौघांचं म्हणणं एकच असतं आणि मीटिंग दुपारपर्यंत चालते.

त्यात पुन्हा जोडी मोजायची की नग, हा वाद आहेच. लेन्सवाले जोड्या मोजतात. जुने टीव्हीवाले काळी रेघ वेगळी आणि पांढरी वेगळी मोजत. त्यांच्या ८०० रेघा म्हणजे लेन्सवाल्यांच्या ४०० जोड्या. चपलांच्या दुकानात हा घोटाळा कधी होत नाही, तिथे हिशोब जोडीवरच असतो. नगावर तो देवळाबाहेर येतो.

आता इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इतका वेळ मी या घरातला अडाणी म्हणून बसलो होतो. माझी हयात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेली. छापखान्यात फोटो जसाच्या तसा छापता येत नाही. शाई एकतर कागदावर असते किंवा नसते, फिकी शाई असा प्रकार नाही. म्हणून फोटो ठिपक्यांत फोडावा लागतो. गडद जागी मोठा ठिपका, फिक्या जागी बारीक. या ठिपक्यांच्या रांगा इंचाला किती, त्याला आम्ही स्क्रीन म्हणत असू. वर्तमानपत्री कागदाला ८५ ची, मॅपलिथोला १३३ ची, आर्ट पेपरला १५० किंवा १७५ ची. म्हणजे आमची वारंवारता इंचाला होती, आणि लेकीच्या जन्माच्या आधीपासून होती. त्या मापाने माझा शर्ट इंचाला दहा. दहाची स्क्रीन! एवढ्या जाड स्क्रीनवर आम्ही दिवाळी सेलचं पत्रकही छापलं नसतं.

आणि गंमत बघा. स्क्रीन १५० ची असेल तर फोटो इंचाला ३०० पिक्सेलवर स्कॅन करायचा, दुप्पट, हा छापखान्यातला पाठ होता. का, असं विचारणाऱ्याला आमचे फोरमन रोलर पुसायला बसवत. मी दोन वर्षं रोलर पुसले. आता सत्तरीत कळलं की एका रांगेला दोन पिक्सेल हवेत, म्हणून. बाय-टू! नायक्विस्टसाहेब आमच्या छापखान्यात रोज येत होते, फक्त हजेरीपटावर नाव नव्हतं. लेक म्हणाली, "अगदी तेच नाही हं बाबा, पण नात्यातलं आहे." नात्यातलं असलं तरी लग्नपत्रिकेत नाव घालतातच की.

ताईला शर्टावर जे दिसलं, त्याला आमच्याकडे "जाळी पडली" म्हणत. एका वर्षी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी मूळ फोटो वेळेवर आला नाही, म्हणून कोणीतरी हुशारीने दुसऱ्या मासिकात छापलेलाच फोटो स्कॅन केला. तो आधीच ठिपक्यांचा, त्यावर आमचे ठिपके. नटीच्या दोन्ही गालांवर चौकड्यांचं लुगडं उमटलं. संपादक प्रूफ हातात धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बाईंना देवी आल्यात का?"

ही जाळी चार रंगांच्या छपाईतही पडते, म्हणून चारही स्क्रीन वेगवेगळ्या कोनात फिरवतात : सायन १५ अंश, काळा ४५, मॅजेंटा ७५, आणि पिवळा शून्यावर. पिवळा मुळात फिका, त्याने काही केलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तो कुठेही ढकलतात. प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एक काका असतो. काळा मात्र ४५ वरच, कारण माणसाच्या डोळ्याला उभ्या-आडव्या रेघा चटकन दिसतात आणि तिरक्या कमी. कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर राय यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या स्क्रीनच्या रेघांवर इतका विचार केला, की विलायतेतल्या पेनरोज वार्षिकात त्यांचे लेख छापून येत. सत्यजित राय हे त्यांचे नातू. आजोबांनी चित्राचे ठिपके मोजले आणि नातवाने चित्रं हलवली. आमच्या घरात चित्र हलवायला शर्ट पुरला.

ताईच्या आज्ञेप्रमाणे डॉक्टरांनाही दाखवलं. खालच्या मजल्यावर म्हैसूरकडचे एक निवृत्त नेत्रतज्ज्ञ राहतात. ते आणि मी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारतो आणि हिंदी, इंग्रजी, कानडी आणि हातवारे अशा चार रंगांत बोलतो. त्यांनी शर्ट बघितला, दोन पावलं मागे गेले, पुन्हा बघितला आणि म्हणाले, "डिपेंड्स. किती लांबून?"

मला गहिवरून आलं. आणखी एक "कशाला" निघाला.

डोळ्याला मिलिमीटर कळत नाही. डोळ्याला कळतो कोन. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांची वारंवारता अंशाला. हात पुढे लांब करून करंगळीचं नख बघा, ते साधारण एका अंशाएवढं दिसतं. आणि ५७ सेंटिमीटर अंतरावर एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश. त्या अंतरावरून माझा शर्ट अंशाला ४. दवाखान्यात तक्त्यावरची अक्षरं वाचवतात आणि ६/६ असं लिहून देतात, त्याचा अर्थ अंशाला ३० जोड्या वेगळ्या दिसतात. माझ्यापासून पावणेसहा मीटर लांब गेलं की शर्ट अंशाला ४० होतो, म्हणजे ६/६ च्या डोळ्यालाही पट्ट्या दिसत नाहीत, नुसता फिका निळा शर्ट दिसतो.

"आणि माणसाचा डोळा सर्वांत तीक्ष्ण कुठे असतो माहीत आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मला वाटलं सर्वांत बारीक रेघांना. नाही. फार बारीक रेघा दिसत नाहीत आणि फार रुंद, सावकाश बदलणाऱ्या छटाही नीट जाणवत नाहीत. मध्ये कुठेतरी, अंशाला तीन ते पाचच्या आसपास, डोळा अगदी फिका फरकसुद्धा पकडतो. केंब्रिजच्या कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी हे १९६८ साली मोजून मांडलं. याच टापूतल्या ठळक पट्ट्या, विशेषतः अंशाला तीनच्या जवळपासच्या, बघून पुष्कळांचे डोळे शिणतात, डोकं दुखतं, आणि काही अपस्माराच्या रुग्णांना झटकाही येऊ शकतो.

आमचं जेवणाचं टेबल घडीचं आहे. समोरासमोर बसलं की अंतर साधारण ५७ सेंटिमीटर.

मी हे घरी सांगितलं नसतं. पण डॉक्टरांनी लिफ्टमध्ये हिला सांगितलं. लक्ष्मी रोडवरच्या त्या दुकानात जे वाक्य मी हसण्यावारी नेलं होतं, ते केंब्रिजला सिद्ध झालेलं निघालं. डॉक्टर पुढे समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, सहा मीटरवरून शर्ट चांगला दिसतो."

"माणूससुद्धा," ही म्हणाली.

माझी बाजू जावयाने घ्यावी अशी अपेक्षा होती. तो म्हणाला, "बाबा, आमच्या हिशोबात तुमचा शर्ट बसतच नाही बघा." त्यांचं सगळं जमिनीवरच्या मीटरमध्ये. १९८८ साली आपला पहिला आयआरएस उपग्रह वर गेला, तेव्हा त्याच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल जमिनीवर ७२.५ मीटरचा होता. बाय-टूच्या नियमाने सगळ्यात बारीक पट्ट्यांची जोडी १४५ मीटर. शेतं दिसायची, बांध नाही. २०१९ च्या कार्टोसॅट-३ चा पिक्सेल पाव मीटरचा आहे. म्हणजे मीटरला दोन जोड्यांपर्यंत मजल. आमच्या कोपऱ्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा अर्ध्या मीटरचा, मधली जागा तेवढीच. मीटरला एक. म्हणजे तो वरून आरामात दिसायला हवा.

"दिसतो?"

"पट्टे असते तर दिसले असते की ओ."

पट्टे पुसलेत. वारंवारता आहे, उठाव नाही. आणि उठाव नसेल तर वारंवारतेचं कोणी काही करू शकत नाही, हे वाक्य त्यांच्या शास्त्रात आलेखाने दाखवतात. जाता जाता त्याने हेही सांगितलं की चष्म्याचा नंबरसुद्धा "मीटरला" असतो. भिंगाची ताकद एक भागिले मीटर. म्हणजे माझा वाचायचा अडीच नंबर आणि झेब्राचे पट्टे एकाच मापाचे, फक्त नंबर वाढत चाललाय आणि पट्टे कमी होतायत.

एका रविवारी लेक मला के. आर. सर्कलला घेऊन गेली. तिथे विश्वेश्वरय्यांनी १९१७ साली सुरू केलेलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. विश्वेश्वरय्या स्वतः पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले, त्यामुळे पुढे जे घडलं त्याचं थोडं श्रेय पुण्याकडे येतं, हे मी तिथल्या तिथे नोंदवून ठेवलं. घडलं ते असं. बंगळुरूतच १९४० साली जन्मलेले नासिर अहमद इथून १९६१ साली बी.ई. झाले आणि अमेरिकेत गेले. चित्र कमी जागेत कसं साठवायचं, यासाठी १९७२ साली त्यांना एक कल्पना सुचली. अनुदानासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. एका परीक्षकाचं मत पडलं की कल्पना फारच सोपी आहे. (सोपी आहे म्हणून नाकारलेली गोष्ट मी आयुष्यात एवढीच ऐकली. आमच्याकडे कठीण आहे म्हणून नाकारतात आणि सोपी आहे म्हणून उधार मागतात.) त्यांनी १९७३ चा अख्खा उन्हाळा त्यावर घालवला. टी. नटराजन हे त्यांचे विद्यार्थी आणि के. आर. राव हे मित्र. तिघांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. पुढे १९९२ च्या जेपीईजीचा पाया तोच ठरला. म्हणजे फॅमिली ग्रुपवर येणारी गुलाबाची फुलं, उगवता सूर्य आणि वाफाळता चहा, हे सगळं त्या उन्हाळ्याचं देणं आहे.

कल्पना अशी. फ्रान्सच्या फूरिये यांनी उष्णतेवरच्या १८२२ च्या ग्रंथात दाखवलं होतं, की कसलाही आकार लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतो. अहमद यांनी त्या लाटांची जी जात निवडली, तिच्यात अर्ध्या फेऱ्यांनी मोजतात. जेपीईजीत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला विचारतात : तुझ्यात शून्य अर्धे फेरे किती, एक अर्धा फेरा किती, दोन, तीन, असं सातपर्यंत. आडवं आणि उभं मिळून ६४ आकडे. मग डोळ्याला ज्या बारीक लाटा कळत नाहीत, त्यांचे आकडे निर्दयपणे छाटायचे. अर्धा फेरा हे एकक बाय-टू कॉफीच्या गावात शिकलेल्या माणसाला जवळचं वाटलं, यात मला नवल वाटलं नाही. लेक म्हणाली, याचा कॉफीशी काही संबंध नाही. तिला संबंध दिसत नाहीत, शिक्षण जास्त झालं की असं होतं.

पण छाटायचं कुठून, हे ठरवायला डॉक्टरांचा अंश लागतो, आणि लेकीजवळ असतो पिक्सेल. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं तर बघणारा फोन किती लांब धरतो, हे माहीत हवं. कोणीतरी एक ठरावीक अंतर गृहीत धरून मोकळं होतं. ताई फोन एकदा नाकाला लावते आणि एकदा खिडकीपर्यंत हात लांब करून धरते. सगळ्या जगाचं गणित जिथे बसतं, तिथे ताई बसत नाही.

या सगळ्यानंतर मी गांधी बाजारात फुलं घ्यायला गेलो आणि पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून गेलो. बंगळुरूत गजरा नगावर मिळत नाही. मोगऱ्याची, मल्लिगेची, अखंड माळ टोपलीत वेटोळं घालून बसलेली असते आणि ती "मोळा"ला विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, विकणारीच्या. आपल्याकडे विहिरीचा दोर हातांवर आणि वावांवर मोजत, तसंच. म्हणजे मापाची काठी बाईंच्या खांद्याला लागलेली. कोणाचा पिक्सेल केवढा, हे फोनच्या डब्यावर तरी लिहिलेलं असतं.

मी जावयाला घेऊन गेलो होतो, कानडीसाठी. "ओंदु मोळ एष्टु?" त्याने विचारलं. भाव चाळीस. पहिल्या अक्का ठेंगण्या, त्यांचा हात आखूड. मी मान हलवली आणि पुढे पाच टोपल्या ओलांडून एक उंच अक्का शोधून काढल्या. चांगलाच लांब हात. भाव तोच, चाळीस. मी विजयी मुद्रेने दोन मोळ घेतले. निघताना काय वाटलं कोणास ठाऊक, परत जाऊन ठेंगण्या अक्कांकडूनही दोन घेतले. घरी टेबलावर दोन्ही माळा पसरल्या, छापखान्यातलं भिंग काढलं आणि कळ्या मोजायला बसलो. दोन इकडे, दोन तिकडे, मग गाठ. चार कळ्यांचा एक फेरा. ठेंगण्या अक्कांचे फेरे दाट, बोट घालायला जागा नाही. उंच अक्कांचे ऐसपैस. दोन मोळांचे फेरे पहिल्या माळेत ६२, दुसरीत ६१.

मी भिंग खाली ठेवलं. बाजाराने आपला हिशोब कधीच पुरा केलेला होता.

"माळा मोजायला आणल्यात की माळायला?" असं म्हणत हिने एक उचलली आणि केसांत खोवली. कुठली ते मी विचारलं नाही. उरलेली देवाला गेली.

त्या रात्री पुन्हा ताईचा कॉल होता. यावेळी मी तयारीत होतो. फोन दारापाशी ठेवला, खुर्ची हॉलच्या पार टोकाला, बाल्कनीच्या काचेशी नेली, टेप लावून सहा मीटर मोजले, आणि तोच शर्ट घालून बसलो. पट्ट्या आता इतक्या बारीक झाल्या होत्या की कॅमेऱ्याला खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं.

ताईने बराच वेळ निरखून बघितलं. "नवा घेतलास वाटतं," ती म्हणाली. "छान आहे हो. साधा, एकरंगी. तुला शोभतो."

मी हिच्याकडे बघितलं. ही केसांतली माळ सारखी करत होती.

"पण काय रे," ताईचा आवाज एकदम खाली आला, "तू एवढ्या लांब कशाला बसलायस? भांडलात का?"